‘सापडलं नाही’ म्हणजे नेमकं काय? पाण्यात पडलेली अंगठी, मेटल डिटेक्टर आणि तुमचं संशोधन



पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं : ‘या विषयावर यापूर्वी संशोधन झालेले आढळले नाही.’ मार्गदर्शक त्याखाली पेन्सिलीने रेघ मारतात आणि विचारतात, ‘कुठे शोधलंत? कशाने शोधलंत?’ बहुतेकांची गाडी इथेच अडते. पुढे प्रयोगातही तेच होतं. ‘परिणाम दिसला नाही’ असं आपण लिहितो, पण परिणाम खरंच नव्हता की आपल्या पद्धतीला तो दिसण्यासारखाच नव्हता, हे सांगता येत नाही.

हा प्रश्न समजून घ्यायला एक अगदी वेगळं उदाहरण घेऊ : समुद्रात गुडघाभर पाण्यात पडलेली सोन्याची अंगठी आणि ती शोधणारा मेटल डिटेक्टर. या शोधात भौतिकशास्त्र आहे, संभाव्यता आहे, साक्षीदारांची मुलाखत आहे आणि ‘नकारात्मक निष्कर्ष’ कसा लिहायचा याचा धडाही आहे. तुमचा विषय मराठी साहित्य असो की मृदाशास्त्र, शेवटपर्यंत वाचा. उपयोग होईल.

१. यंत्र सोनं ओळखत नाही

पहिला गैरसमज इथेच काढून टाकू. मेटल डिटेक्टरला सोनं कळत नाही. त्याला कळतो तो फक्त चुंबकीय क्षेत्रातला बदल.

यंत्राच्या खालच्या थाळीत तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल असते. तिच्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. या क्षेत्रात अंगठी आली की तिच्या धातूत गोल फिरणारे छोटे प्रवाह सुरू होतात. त्यांना एडी करंट म्हणतात. हे प्रवाह स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि यंत्र ते टिपतं. बारावीला शिकलेला फॅरेडेचा नियमच आहे हा, फक्त दोनदा वापरलेला : एकदा जाताना, एकदा येताना.

‘दोनदा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कॉइलच्या आकारापेक्षा जास्त अंतरावर क्षेत्र साधारण अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. जाताना घन आणि येतानाही घन. म्हणजे अंतर दुप्पट झालं की परत येणारा सिग्नल आठ गुणिले आठ, चौसष्ट पटींनी क्षीण होतो. म्हणूनच अंगठीएवढी वस्तू साधारण वीस-तीस सेंटिमीटरच्या पलीकडे गेली की बहुतेक यंत्रं गप्प होतात. ‘पाच फूट खोलवरचं सोनं शोधा’ अशी जाहिरात दिसली तर हा चौसष्टचा आकडा आठवा. मोठी कॉइल घेतली तर खोली थोडी वाढते, पण लहान वस्तू हातच्या जातात.

२. समुद्राचं पाणी स्वतःच बोलतं

आता पाण्याकडे वळू. अनेकांना वाटतं की पाणी सिग्नल अडवतं. पण दहा किलोहर्ट्झच्या लहरी समुद्राच्या पाण्यातही दोन मीटरहून जास्त गेल्यावर एक तृतीयांशाच्या आसपास उरतात. आपल्याला वीस-तीस सेंटिमीटरच जायचं आहे. अडवण्याचा प्रश्न फारसा येतच नाही.

खरी अडचण वेगळी आहे. खारं पाणी विजेचं वाहक आहे. त्याची वाहकता साधारण चार ते पाच सिमेन्स प्रतिमीटर असते. सोन्याच्या चार कोटींपुढे ती काहीच नाही. पण अंगठी असते दोन-चार ग्रॅमची, आणि कॉइलभोवती पाणी असतं शेकडो लिटर. त्या सगळ्या पाण्यात एडी करंट फिरतात आणि यंत्राला ते ‘ऐकू’ येतात. लाट आली, कॉइल जरा वरखाली झाली की आवाज बदलतो. गोड्या पाण्याची वाहकता याच्या शेकडो पटींनी कमी असते, म्हणून नदीत किंवा तळ्यात हा त्रास जवळपास नसतो.

कोकणात यात आणखी एक भर पडते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे आहेत. त्यात इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजं असतात. ही वाळूही यंत्राला उत्तर देते. म्हणजे आपल्याला हवा आहे एका अंगठीचा बारीक आवाज, आणि खालून वाळू बोलते आहे, भोवती पाणी बोलतं आहे.

यावर यंत्रं दोन प्रकारे मात करतात.

पहिला प्रकार सतत लहर पाठवणाऱ्या यंत्रांचा. ही तीन ते तीस किलोहर्ट्झच्या पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास काम करतात. पाठवलेली आणि परत आलेली लहर यांच्यात किती फरक पडला, म्हणजे फेज किती सरकली, यावरून ती वस्तूचा अंदाज बांधतात. वाळूचा प्रतिसाद मोजून वजा करण्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. पण एकाच वारंवारितेवर वाळू आणि मीठ दोन्ही एकदम वजा करणं अवघड जातं. त्यामुळे समुद्रासाठी एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरणारी यंत्रं बरी.

दुसरा प्रकार पल्स इंडक्शनचा. यात यंत्र एक जोरदार झटका देतं, मग गप्प बसतं आणि ऐकतं. पाण्यातले प्रवाह काही मायक्रोसेकंदांत विरून जातात. अंगठीतले प्रवाह दहा किंवा काही दहा मायक्रोसेकंद टिकतात. त्यामुळे यंत्र थोडं थांबून ऐकायला लागलं की पाणी शांत झालेलं असतं आणि अंगठी अजून बोलत असते. किती थांबायचं, त्या वेळेला डिले म्हणतात.

नॉइजपेक्षा मोठ्याने ओरडण्याऐवजी तो शांत होईपर्यंत थांबणं, ही मापनाची फार जुनी आणि उपयोगी युक्ती आहे. पण तिची किंमत असते. ती पुढच्या मुद्द्यात पाहू.

३. अंगठी सोपी, साखळी अवघड

समजा, दोन दागिने हरवले आहेत : चार ग्रॅमची अंगठी आणि दहा ग्रॅमची नाजूक गळ्यातली साखळी. आधी काय सापडेल? वजनाकडे पाहून साखळी म्हणाल. प्रत्यक्षात अंगठी.

कारण एडी करंटला फिरायला अखंड वाट लागते. अंगठी म्हणजे जवळपास दोन सेंटिमीटर व्यासाचं बंद वेटोळं. प्रवाहाला मस्त रिंगण मिळतं. साखळीत सोनं जास्त असलं तरी ते शेकडो बारीक कड्यांत विभागलेलं असतं. कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, त्यामुळे प्रवाह एका कडीतून दुसरीत नीट जात नाही. प्रत्येक कडीत तो आपापला फिरतो आणि एखाद्या मायक्रोसेकंदात विरतो. म्हणजे पाण्याबरोबरच. पल्स यंत्र पाणी शांत व्हायची वाट पाहतं, तोवर साखळीही शांत झालेली असते! अनेकदा साखळी सापडते ती तिच्या फाशामुळे किंवा पेंडंटमुळे.

मंगळसूत्राचंही तसंच. काळे मणी काचेचे, त्यांचा सिग्नल शून्य. दोऱ्यात ओवलेलं असेल तर दोऱ्याचाही शून्य. भिस्त सगळी दोन वाट्यांवर. कापलेली किंवा तुटलेली अंगठी अखंड अंगठीपेक्षा खूप कमी बोलते, कारण वेटोळं उघडं पडतं. शिवाय दागिन्याचं सोनं शुद्ध नसतं. त्यात तांबं-चांदी मिसळलेली असते आणि मिश्रधातूची वाहकता शुद्ध सोन्यापेक्षा बरीच कमी होते.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर तुमचं साधन ‘दागिना’ मोजत नाही, ‘बंद वाहक वेटोळं’ मोजतं. दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकत्र येतात, नेहमी नाही. तुमची प्रश्नावली ‘वाचनाची आवड’ मोजते की ‘वाचतो असं सांगण्याची आवड’ मोजते, हा प्रश्न याच जातीचा आहे.

४. गाळणी लावली की सोनंही गळतं

किनाऱ्यावर कचरा भरपूर. बाटल्यांची बुचं, शीतपेयांच्या कॅनच्या अॅल्युमिनियमच्या किल्ल्या, खिळे, नाणी. यंत्रात एक सोय असते : ठरावीक प्रकारचे सिग्नल दुर्लक्षित करायचे. लोखंड बंद करा, अॅल्युमिनियम बंद करा, मग फक्त ‘चांगलंच’ ऐकू येईल. मोह होतोच.

पण अॅल्युमिनियमची किल्ली आणि लहान सोन्याची अंगठी यांचे सिग्नल जवळजवळ सारखेच येऊ शकतात. यंत्र वस्तूचा आकार, जाडी आणि वाहकता यांचा एकत्रित परिणाम ऐकतं, धातूचं नाव ऐकत नाही. किल्ल्या गाळल्या की अंगठ्याही गळतात. म्हणून अनुभवी शोधक एकच नियम पाळतात : हरवलेली अंगठी शोधायची तर प्रत्येक सिग्नल खणायचा. मोठ्या झाऱ्यासारखं भोकं असलेलं लांब दांड्याचं फावडं यासाठीच असतं. वाळू गळून जाते, वस्तू उरते.

साहित्य-आढावा घेताना तुम्हीही गाळण्या लावता. फक्त गेल्या दहा वर्षांतले, फक्त इंग्रजीतले, फक्त ऑनलाइन मिळणारे लेख. गाळणी लावू नका असं मी म्हणत नाही, नाहीतर आयुष्य पुरणार नाही. पण कुठली लावली ते लिहा. मराठी नियतकालिकांतलं काम गाळून ‘मराठीत काम झालेले नाही’ असं लिहिणं म्हणजे अॅल्युमिनियम बंद करून अंगठी नाही म्हणणं.

५. कुठे शोधायचं : लक्षात आलेली जागा ही हरवलेली जागा नव्हे

पाण्यात उतरण्याआधी सर्वांत मोठं काम किनाऱ्यावर बसून होतं. अंगठी हरवलेल्या व्यक्तीला विचारायचं. ती सांगते, ‘इथे, या खडकासमोर.’ बहुतेकदा ती जागा अंगठी पडल्याची नसते, बोट रिकामं दिसल्याची असते. म्हणून प्रश्न बदलायचा. अंगठी बोटात होती हे शेवटचं खात्रीनं कधी आठवतं? फोटो आहे का? मग पाण्यात काय खेळलात? चेंडू फेकला का? सनस्क्रीन लावलं होतं का? पाण्याची पातळी कमरेला होती की गुडघ्याला? भरती होती की ओहोटी? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवसाच्या भरतीच्या तक्त्यावरून पडताळता येतं, आणि त्यावरून कमरेएवढं पाणी किनाऱ्यापासून किती अंतरावर होतं ते काढता येतं.

नंतर अंगठीचं काय होतं? सोन्याची घनता पाण्याच्या एकोणीस पट, वाळूच्या दाण्याची अडीच-पावणेतीन पट. लाटांनी हलणाऱ्या वाळूत अंगठी हळूहळू खाली जाते आणि एखाद्या घट्ट थरावर थांबते. त्यामुळे उशीर महागात पडतो. त्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि नंतरच्या महिन्यांत ती परत येऊन साठते. मे महिन्यात पडलेली अंगठी दिवाळीत शोधायची तर तो किनारा तोच राहिलेला नसतो. शक्य असेल तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी गाठायची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची. तेव्हा पाणी सर्वांत लांब जातं आणि पाण्याखालचा शोध ओल्या वाळूवरचा होतो. पावसाळ्यातल्या समुद्रात मात्र कुठल्याही दागिन्यासाठी उतरू नका.

‘कुठे’ हा प्रश्न चुकला की उत्तम यंत्रही वाया जातं. याचं प्रसिद्ध उदाहरण १८८१ सालचं. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना २ जुलैला गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे हे शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी एडी करंटवर चालणारं यंत्र तयार केलं. ज्यांच्या शरीरात जुन्या गोळ्या होत्या अशा सैनिकांवर ते चाललंही. पण अध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय, उपचार करणारे डॉ. ब्लिस यांची गोळी उजव्या बाजूला आहे अशी ठाम समजूत होती, आणि शोध त्याच बाजूला झाला. गोळी सापडली नाही. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली.

६. कसं शोधायचं : भटकंती आणि पट्टे

समजा, वीस मीटर बाय वीस मीटरचा चौकोन ठरला. कॉइल एका वेळी पाव मीटर रुंदीची पट्टी नीट तपासते असं धरू. चारशे चौरस मीटर भागिले पाव, म्हणजे सोळाशे मीटर चालावं लागेल.

हे सोळाशे मीटर मनाला येईल तसं फिरून चाललात तर काही जागा चारदा तपासल्या जातील, काही एकदाही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांच्या शोधावर काम करताना बर्नार्ड कूपमन या गणितज्ञाने याचं सूत्र मांडलं. क्षेत्रफळाएवढीच एकूण झाडणी पण वाटेल तशी केली, तर वस्तू कॉइलखाली येण्याची शक्यता भरते सुमारे ६३ टक्के. दुप्पट चाललात तर सुमारे ८६. तेच सोळाशे मीटर खुंट्या आणि दोरी लावून सरळ पट्ट्यांत चाललात तर जवळजवळ शंभर. मेहनत तेवढीच, फरक फक्त दोरीचा.

पण कॉइलखाली येणं म्हणजे सापडणं नव्हे. अंगठी वाळूत आडवी असेल तर छान सिग्नल, उभी रुतली असेल तर क्षीण. समजा, एका फेरीत सापडण्याची शक्यता ८० टक्के आहे. मग काटकोनात दुसरी फेरी मारली तर ती ९६ टक्के होईल ना? कागदावर होते, पण दोन्ही फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच. अंगठी चाळीस सेंटिमीटर खोल गेली असेल तर तेच यंत्र दहादा फिरवलं तरी दहादा गप्प बसेल. त्याच साधनाने पुन्हा तीच चूक करण्याला पुनःपडताळणी म्हणता येत नाही.

मग हे ‘८० टक्के’ कुठून आणायचे? अंदाजाने नाही, मोजून. तशाच मापाची अंगठी घ्या, मजबूत दोऱ्याला बांधा, दोऱ्याचं दुसरं टोक खुंटीला. त्याच किनाऱ्यावर, त्याच पाण्यात ती पाच, दहा, पंधरा, वीस सेंटिमीटरवर पुरा. आडवी आणि उभी. पुरणारी व्यक्ती वेगळी असू द्या, आणि तिने काही खड्डे मुद्दाम रिकामे बुजवू द्या. यंत्र चालवणाऱ्याला त्यातलं काही माहीत नको. किती ओळखले, किती चुकले, किती रिकाम्या ठिकाणी ‘सापडलं’ म्हटलं, हे सगळं लिहा. प्रयोगशाळेत याला पॉझिटिव्ह कंट्रोल, निगेटिव्ह कंट्रोल आणि ब्लाइंडिंग म्हणतात. इथे ते एका दोऱ्यात जमतं.

७. न सापडल्यानंतरचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. मुलाखतीनंतर तुमचा अंदाज होता की अंगठी या चौकोनात असण्याची शक्यता ७० टक्के, बाहेर असण्याची ३०. पूर्ण चौकोन तपासला. अंगठी सापडली नाही. आता काय मानायचं?

यंत्राची पकड ८० टक्के असेल तर : चौकोनात असूनही न सापडण्याची शक्यता ७० चे २० टक्के, म्हणजे १४. बाहेर असल्याने न सापडण्याची ३०. एकूण ४४ पैकी १४, म्हणजे सुमारे ३२ टक्के. अंगठी आता बाहेर असण्याचीच शक्यता जास्त. दोरी उचला, शेजारचा चौकोन घ्या.

पकड फक्त ३० टक्के असेल तर : ७० चे ७० टक्के म्हणजे ४९. बाहेरचे ३०. एकूण ७९ पैकी ४९, म्हणजे ६२ टक्के. अंगठी अजूनही इथेच असण्याची शक्यता जास्त. जागा बदलू नका, यंत्र किंवा पद्धत बदला.

निरीक्षण दोन्हीकडे एकच : सापडली नाही. निष्कर्ष मात्र उलटे. फरक कुठून आला? तुमच्या साधनाच्या पकडीतून. ही बेझच्या प्रमेयाची साधी आकडेमोड आहे.

हाच हिशोब कितीतरी मोठ्या शोधातही निर्णायक ठरला. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान, फ्लाइट ४४७, अटलांटिक महासागरात कोसळलं. २२८ जण गेले. ब्लॅक बॉक्सला आवाज देणारे ध्वनिप्रक्षेपक असतात. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांचा कानोसा घेत शोध झाला. काही ऐकू आलं नाही, म्हणून तपासलेल्या भागात विमान नसावं असं धरून शोध इतरत्र गेला. दोन वर्षं हाती काही लागलं नाही. मग संख्याशास्त्रज्ञांनी बेझच्या पद्धतीने सगळा हिशोब पुन्हा मांडला आणि एक शक्यता मोकळी ठेवली : प्रक्षेपकच बंद पडले असतील तर? तसं धरताच शेवटच्या ज्ञात स्थानाजवळचा, आधी वगळलेला भाग पुन्हा वर आला. एप्रिल २०११ मध्ये, नवा शोध सुरू झाल्यावर काही दिवसांतच, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर अवशेष सापडले.

८. प्रबंधात काय लिहाल?

म्हणून ‘आढळले नाही’ असं लिहाल तेव्हा त्याच्या शेजारी पाच गोष्टी लिहा.

• क्षेत्र : नेमकं कुठे शोधलं? चौकोनाच्या सीमा कोणत्या? कोणते डेटाबेस, कोणती ग्रंथालयं, कोणती वर्षं, कोणत्या भाषा?
• साधन : ते प्रत्यक्षात काय मोजतं? तुमची ‘साखळी’ कोणती, म्हणजे जे असूनही त्याला दिसणार नाही असं काय?
• गाळणी : काय मुद्दाम वगळलं आणि का?
• पकड : माहीत असलेली गोष्ट शोधून पाहिली का? उदाहरणार्थ, तुम्हाला ठाऊक असलेले पाच महत्त्वाचे लेख तुमच्या शोधशब्दांनी सापडतात का? पाचांपैकी दोनच सापडले तर ‘काम झालेले नाही’ हे वाक्य खोडा आणि शोधशब्द बदला.
• झाडणी : पट्टे आखून शोधलं की भटकत? दुसऱ्या कोणाला तेच पट्टे पुन्हा चालता येतील का?

एवढं लिहिलंत की तुमचं ‘सापडलं नाही’ हेही एक निष्कर्षच होतं. तुमच्यानंतर येणाऱ्याला कळतं की कुठला चौकोन सोडायचा आणि कुठे वेगळं यंत्र घेऊन पुन्हा उतरायचं.

जाता जाता, कोणी खरोखरच यंत्र घेऊन किनाऱ्यावर जाणार असेल तर दोन गोष्टी. सापडलेली दुसऱ्याची अंगठी ‘सापडली म्हणून माझी’ होत नाही. मालकाचा शोध घ्या किंवा पोलिसांकडे द्या. आणि जमिनीत दडवलेलं जुनं धन सापडलं तर १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लागतो. त्यातली मर्यादा आजही दहा रुपयांची आहे. त्याहून जास्त किमतीचं काही असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. किल्ल्यांच्या आणि संरक्षित स्मारकांच्या परिसरात तर परवानगीशिवाय फावडं लावूच नका. तिथे वस्तूइतकंच ती कुठल्या थरात होती हे महत्त्वाचं असतं, आणि एकदा उकरलेला थर परत रचता येत नाही.

पुढच्या वेळी सिनॉप्सिसमधल्या त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ आली, तर वहीतलं हे पाच ओळींचं टिपण काढून मार्गदर्शकांपुढे ठेवा.